भाईकाकांच्या गाडीची खोड

भाईकाकांच्या गाडीत बसून "गाडी काय मस्त चाललीय हो!" असं म्हणण्याचा गुन्हा मी एकदाच केला. त्यांनी तिथल्या तिथे ब्रेक दाबला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मला भर उन्हात उतरवलं. "आयकता ती, मास्तरानू!" एवढंच स्पष्टीकरण.

भाईकाका म्हणजे माझे मालवणातले शेजारी, सुपारीचे व्यापारी. साठ सालच्या सुमाराला त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली आणि सुखातला जीव दुःखात घातला. चालता चालता गाडी मध्येच गप्प व्हायची आणि थोड्या वेळाने, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. कुडाळच्या मेस्त्रीपुढे मात्र तिच्यासारखी गुणाची गाडी नाही. त्याने बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, शेवटी हात जोडले.

"खोड लपान बसलीहा," भाईकाका म्हणत. तिला बेसावध गाठायला ते चवड्यांवर चालत येत आणि खाडकन बॉनेट उघडत. वीज येते की नाही ते बघायला दोन वायरी जोडलेला एक बल्ब कायम गळ्यात. देवळात आरतीलाही तो गळ्यातच.

आम्ही हसायचो, पण त्यांचा चेहरा बघितला की हसू विरायचं. माणूस खरोखर घाबरलेला होता. कारण त्यांच्या पत्नीचं, लक्ष्मीकाकींचं, दुखणंही असंच होतं. छातीचे ठोके मध्येच चुकत, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि डॉक्टर नळी लावीपर्यंत सगळं सुरळीत. अखेर डॉक्टरांनी कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. एस्टीत काकींना एकदा भोवळ आली होती, तेव्हा न्यायचं तर गाडीनेच.

आणि गाडी नेमकी काकी बसल्या की बंद पडायची! एकटे भाईकाका तळेऱ्यापर्यंत खुशाल जाऊन येत. "बायलेचो पायगुण," असं बाजारात कोणीतरी म्हणालं, तर हा गरीब माणूस त्याच्या अंगावर धावून गेला.

कोल्हापूरला निघताना त्यांनी मला सोबत घेतलं, पुढे बसवलं आणि मांडीवर एक लाकडी ठोकळा दिला. "बंद पडली काय उडी मारा नि चाकाक लावा." मी जात्याच भित्रा. फोंडाघाटचा बाजार मागे पडून चढ लागला, तसे मी डोळे मिटले आणि येतील तेवढ्या देवांची नावं घ्यायला लागलो.

एका वळणावर इंजिन गप्प झालं. ब्रेक दाबूनही गाडी मागे सरकायला लागली. मागे दरी. मी उडी कशी मारली, ठोकळा कसा लावला, मला आजही सांगता येत नाही. गाडी थांबली.

भाईकाका पांढरेफटक पडून बसले होते. बॉनेट उघडायलाही उतरले नाहीत. "माका जमाचा नाय, मास्तरानू. हिका पोचवूक माका जमाचा नाय."

मागचं दार उघडून काकी उतरल्या, सावकाश पुढे आल्या. "मास्तरानू, तुमी मागे बसा."

मी बसलो. आमच्याकडे तेव्हा बायका गाडीत नवऱ्याशेजारी बसत नसत, त्यामुळे जरा चमकलोच.

"मगाचपासून डोळे किलकिले करून बघतंय," काकी नवऱ्याला म्हणाल्या. "मी जरा डोळे मिटलंय काय तुमी आरशात माका बघतास, नि तुमचो हात चावयेर जाता. गच्च धरून पिरगाळतास तिका. तेवाच गाडी बंद पडता."

भाईकाका आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. ती चावी त्यांनी हलवली नाही तर हलवणार कोण? मेस्त्रीकडे असताना तिला धक्का लागायचं कारणच नव्हतं.

"तू डोळे मिटलंस काय माका वाटता..."

काकींनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. "चला आता."

"नि गियर?"

"घालूचो असलो काय सोडतंय."

गाडी सुरू झाली ती घाटमाथ्यापर्यंत एकदाही थांबली नाही. पुढे बघणं काही बरं दिसलं नसतं, म्हणून मी सबंध घाट डोळे उघडे ठेवून दरीकडे बघत बसलो.