बेटकरांचे गाणे बाद जाहले त्याची बखर

श्री नादरूपिणी जगदंबा साक्ष.

शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सरे, वैशाख मासी वीस दौलतींच्या गाण्यांचा मोठा सामना टीव्हीवर जाहला, त्यात आमचे दौलतीचे पंचांनी बेटकरांचे गाणे बाद कैसे केले, त्याचा हा मजकूर. पुढील सामन्यास पंचांनी हात वर न करता चिठ्ठ्या टाकाव्या ऐसा अर्ज सदरहू लिहिणारीने केला, त्यावर हुजुरून आज्ञा आली की, चालत आलेली चाल मोडावयास कारण काय, ते साद्यंत लिहून पाठवणे. आज्ञा प्रमाण. लाज वाटते, तरी लिहिते.

सामन्याचा शिरस्ता ऐसा की, यजमान दौलतीने आपले राजधानीत थोरला मंडप उभारावा, वीस दौलतींनी एकएक गवई तेथे पाठवावा, प्रत्येकाने तीन मिनिटे गावे, आणि हरएक दौलतीचे पाच पंचांनी आपापले मुलखी टीव्हीपुढे बसून ते ऐकावे, आणि आपले गाणे सोडून दहा गाण्यांस एकापासून दहापर्यंत गुण द्यावे, आणि ते टेलिफोनवरून मंडपात सांगावे. आणि कलम ऐसे की, ज्या दौलतीस कोणाकडूनच एक गुणही मिळाला नाही, तिने पुढे तीन साले सामन्यास येऊ नये. आमचे पंच संगीतशाळेच्या दिवाणखान्यात बसले. मुख्य पंच त्रिंबकबुवा सांगवीकर, वय एक्याऐंशी, दौलतीत ज्यांच्यापुढे तंबोरासुद्धा दबून वाजतो ऐसे थोर. दुसऱ्या मथुराताई कानविंदे, नाटकांत गाणी गाऊन नावारूपास आलेल्या. तिसरे इब्राहिमभाई, पेट्या दुरुस्त करणारे. चौथे भालेराव मास्तर. आणि पाचवी सदरहू लिहिणारी, कॉलेजात संगीत घेऊन पदवी केलेली आणि परमुलखाची भाषा येते म्हणोन टेलिफोनवर बोलण्यास नेमलेली. मांडणी ऐसी की, बुवांची खुर्ची पुढे, मानाची. त्यांचे मागे तिघे. आणि मज दाराजवळ, बुवांचे उजवे अंगास, कारण माझे सहा महिन्यांचे मूल शेजारचे खोलीत शाळेत पाणी भरणाऱ्या आनशाबाईंपाशी निजले होते, आणि माझा एक कान गाण्याकडे तर एक कान तिकडे. ‘पोरी, तू इथे बस, तुला उठबस करावी लागेल,’ ऐसे बुवा आपण होऊन बोलिले. बुवांचे तोंड त्या खोलीत मज एकटीसच दिसत होते, मागल्यांस केवळ पाठ आणि पागोटे.

मग गाणी सुरू जाहली. दहा जाहली, त्यांत ढोल फार आणि धूर फार. अकरावे बेटकरांचे. बेट केवढे, तर नकाशावर माशी बसली असता दिसू नये एवढे. गाणारी मारीणबाई, चाळिशीची, शाळेत मुलांस गाणे शिकविणारी. गाण्याआधी तिची लहानशी फिल्म दाखविली, तींत अवघे बेट तिला निरोप देण्यास धक्क्यावर लोटले होते, आणि ती बोलिली ते खाली अक्षरांत उमटले की, ‘जिंकणे आमच्याने होणार नाही. पण एक गुण मिळाला तर पुढील साली माझी शिष्या येईल. ती माझ्याहून फार चांगली गाते.’ आणि मग ती गायली. मागे एकच वाद्य, धूर नाही. इब्राहिमभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावण्याचे विसरले. मथुराताईंच्या तोंडातले पान तोंडातच राहिले. माझे ऐसे जाहले की, तीन मिनिटे शेजारच्या खोलीकडे कान गेलाच नाही, आणि गाणे संपताच मी दचकून उठोन मूल पाहून आले. बुवा मात्र दगडासारखे. दुसऱ्याचे गाणे ऐकताना चेहऱ्यावर काही येऊ द्यावयाचे नाही, ही त्यांची रीत, सर्वांस ठाऊक.

वीस गाणी संपली. मग पंचांची चाल ऐसी की, आधी आपले सोडून नऊ गाणी बाद करावी, मग उरल्या दहांस गुण वाटावे. चिटणीस गोरक्षराव मागील मेजावरून एकएक नाव वाचीत, ज्यास बाद करणे त्यास हात वर करावा, आणि वडिलांचे आधी धाकट्याने हात करू नये. वडिलांनी केला असता मागे ठेवूही नये. हे कोठे लिहिलेले नाही, पण आमचे दौलतीत ते दुधाबरोबर पोटात जाते. तीन प्रहरीचा उकाडा, बुवांस तीन तास एके ठायी बसणे पडले होते. गोरक्षरावांनी वाचिले, ‘अकरावे. बेटकर.’ आणि बुवांनी उजवा हात वर केला.

तो हात कशाचा, ते मी पाहिले. अंगठा ओठांकडे वळलेला, ओठ सुकलेले, जीभ एकदा फिरली, आणि डोळे कोपऱ्यातील तांब्यावर. घरी तान्हे असले म्हणजे कोणाचा हात कशास वर जातो हे सांगावे लागत नाही. बुवांनी पाणी मागितले. नाव कोणते वाचिले तेही त्यांच्या कानी पडले नव्हते. मागून मथुराताईंचा हळू आवाज आला, ‘अगंबाई! बुवांना नाही आवडलं?’ त्यावर इब्राहिमभाई बोलिले, ‘बुवांचा कान आहे, ताई. आपल्याला काय कळतंय!’ आणि भालेराव मास्तरांचा हात तर तोवर वर होताच. मग इब्राहिमभाईंचा गेला, मग ताईंचा गेला. मग गोरक्षराव मजकडे पाहू लागले, आणि माझाही गेला. ‘बाद,’ ऐसे म्हणोन त्यांनी रेघ ओढली. इतक्यात आनशाबाईंनी आपण होऊन येऊन कोपऱ्यातील तांब्या पुढे केला आणि बुवा घटाघट प्याले, आणि ते सर्वांनी पाहिले, आणि कोणाच्याही मनात काही आले नाही.

मग गुण आम्ही चौघांनी मांडिले, शेवटचा रुकार बुवांचा. यादी वाचिली. तेव्हा बुवा बोलिले, ‘आणि ती बेटावरची? तिला दहा लिहिलेत ना?’ गोरक्षराव चाचरत बोलिले, ‘बुवा, ती बाद. आपणच प्रथम हात केलात.’ ‘मी?’ ‘होय बुवा. सर्वांनी पाहिलं.’ बुवांनी आपला हात मांडीवर ठेवून त्याजकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बोलिले, ‘केला असेल, तर विचार करूनच केला असेल. मी उगाच हात करीत नाही.’ आणि तोंड फिरविले.

टेलिफोनास अजून दहा मिनिटे अवकाश होता. यादी कागदावर होती, खोडरबर लावलेली पेन्सिल गोरक्षरावांचे कानावर होती. एक वाक्य पुरते, ‘बुवा, आपण पाणी मागत होता.’ मी म्हटले नाही. मनाशी कारण ऐसे केले की, थोरांची म्हातारपणी फजिती नको, आणि पाण्याचे खुणेवर मते दिली म्हणोन मागल्या तिघांचेही हसे नको. ते कारण दिसावयास चांगले. खरे कारण हलके. निघताना सासूबाई बोलिल्या होत्या, ‘तान्हं घेऊन कशाला जातेस? तुझ्यावाचून अडलंय का त्यांचं?’ आणि मज त्यांस दाखवावयाचे होते की अडले आहे, आणि पुढील सालीही बोलावणे पाहिजे होते. पहिल्याच साली मुख्य पंचास खोटे पाडणारीस कोण बोलावतो? मी मूल उठले की काय ते पाहण्यास गेले. ते उठले नव्हते.

आमची पाळी विसावी, शेवटची. एकोणीस दौलतींचे गुण फलकावर चढले, बेटकरांपुढे शून्य. कॅमेरा मारीणबाईंवर. मग टेलिफोनवर माझा आवाज मंडपात घुमला, आणि तोच माझा आवाज टीव्हीतून क्षणभर उशिरा मजकडे परत येऊ लागला. एक गुण अमक्यास, दोन तमक्यास, ऐसे मी वाचीत गेले. आठ झाले, नऊ झाले, आणि दहाच्या आधी मारीणबाई खुर्चीत पुढे झुकली. दहा ढोलवाल्यांस गेले. तिने टाळ्या वाजविल्या. सर्वांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या थांबेनात, कारण कॅमेरा अजून तिजवरच होता आणि हातांचे दुसरे काय करावे ते तिला उमगेना.

परतताना रिक्षात मथुराताईंनी विचारिले, ‘तुला आवडलं होतं ना गं ते बेटावरचं?’ मी म्हटले, ‘हो.’ त्या बोलिल्या, ‘मलाही. मग हात का केलास?’ मी म्हटले, ‘तुम्ही केलात म्हणून.’ ताईंनी मान खाली घातली, माझे पाप आपले समजोन. तेही मी होऊ दिले.

ऐसा वृत्तांत जाहला. एक साल सरले, बेटकरांस मज्जाव अजून दोन साले आहे, आणि शिष्येचे नाव फिल्ममध्ये सांगितले नव्हते, त्यामुळे तेही येथे लिहिता येत नाही. हात एकंदर पाच वर गेले. एक तहानेने, तीन आदराने, आणि पाचवा सर्व जाणून. चाल मोडावयास कारण तो पाचवा. मजकुराखाली नाव लिहावे ऐसा नियम आहे. दोनदा लिहावयास घेतले. लिहिले नाही.