आबांची वातीची मोटार

पळसदरीला आमच्या शेजारी राहणारे आबा चालायला निघाले, की त्यांच्या मागे एक दोरी असते आणि दोरीच्या टोकाला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. ते रस्त्यावरून फरफटत येतं. घरी पोचेपर्यंत त्याला खिळे, नट, एखादी केसांची पिन चिकटलेली असते. नव्या माणसाला लांबून वाटतं, आबा कुत्रा फिरवतायत.

"फुकटचं लोखंड हाय," ते म्हणतात. "लोकांना दिसत नाय, याला दिसतं."

या खिळ्यांवर जळक्या पंख्यातली तांब्याची तार गुंडाळून आबा विजेचे चुंबक करतात आणि चुंबकांची मोटार. यंदा हट्ट एकच होता. बटण दाबलं की मोटार आपली आपण फिरली पाहिजे, बोट लावायचं नाही.

तार धरायचं काम माझं. मी फारशी बोलत नाही, तेच त्यांना सोयीचं वाटत असावं. "इंग्लिश मीडियमची ना तू? मग घट्ट धर," एवढीच माझ्या शिक्षणाची कदर.

मोटार फिरायची, पण ढकलल्यावर. दांड्यावर समोरासमोर बसवलेले दोन चुंबक एका ठरावीक जागी अडकले, की जागचे हलत नसत. आबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ओटीवरून म्हणायच्या, "तुमच्यावरच गेलीय. ढकलल्याबिगर उठत नाय."

"शिळफाट्याला तयार मिळते की मोटार," माझे बाबा एकदा म्हणाले. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाबांनी तयार नातू आणायला सांगितला होता.

ही खटपट काकूंसाठी होती. संधिवातानं बोटं आखडल्यापासून त्यांना देवाच्या वाती वळता येत नव्हत्या. फिरत्या दांड्याला कापूस लावला की वात आपोआप वळली जाणार होती. पण दांडा बोटानं ढकलायचा असेल, तर काकूंना त्याचा काय उपयोग? आबा स्वतः देवापुढे कधी उभे राहत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

"तीन केले तर?" एका दुपारी मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल गं. मोटार चालू नाय, तरी ऐकू येत नाय."

"तीन चुंबक. एक अडकला तर दुसरा ओढेल."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "आन् इतके दिस गप बसलीस?"

तिसऱ्यावर तार आधी उलटी गुंडाळली गेली आणि मोटार नुसतीच थरथरली. उलगडून पुन्हा गुंडाळली. मग काकूंनी तळहाताच्या मागच्या बाजूनं बटण दाबलं. दांडा कुरकुरला आणि फिरला! पहिला कापूस उडून आबांच्या मिशीवर बसला. दुसऱ्याची वात झाली.

"जाड हाय," काकू म्हणाल्या आणि लगेच पुढचा कापूस लावला.

पूर्वी काकूंच्या ओटीवर दुपारी बायका वाती वळायला जमायच्या. आबा त्याला 'कावळ्यांची शाळा' म्हणत. काकूंचे हात थांबले तशा त्या यायच्या बंद झाल्या. काकूंसमोर बसून वाती वळायचा त्यांना संकोच वाटत असेल. आता त्या आधी मोटार बघायला आल्या, मग आपापला कापूस घेऊन.

काल मी नेहमीसारखी मागच्या पडवीत गेले, तर आबा तिथे नव्हते. ते माजघरात होते. ओटीलगतच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलेले, हातात ना तार, ना खिळा. भिंतीपलीकडे बायकांचा गलका चालला होता.

"आबा, तार धरू?"

"बस गं जरा," ते हळूच म्हणाले. "ती हसतेय."