भट्टीवरचे दाजी

इन्सुलीच्या आमच्या काजू कारखान्यात दाजी सावंत कुणालाही नमस्कार करत नसत. साठीचा माणूस, डोक्याला ओला पंचा, आणि समोर कामगार असो की पाहुणा, पहिला प्रश्न एकच, "लघवेचो रंग कसो?"

तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेब चाचरले.

"पिवळो जर्द आसात तर पाणी कमी पडता. आधी पाणी पिया, मगे तपासणी."

साहेबांनी मुकाट्याने दोन पेले रिचवले.

दाजी भट्टीवरचे मुकादम. भट्टीशेजारी त्यांनी दोन थर्मामीटर टांगले होते, एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. "दोनय आकडे जवळ इले की समजायचा, घाम सुकाचो नाय. घाम सुकलो नाय तर आंग थंड कसा होतला?"

शेठचाही एक थर्मामीटर होता, त्यांच्या एसी केबिनमध्ये. उष्णतेच्या नोंदवहीत त्याचेच आकडे जात. "आपल्याकडे बारा महिने चोवीस!" शेठ अभिमानाने सांगत. मी तिथला कारकून. ते चोवीस मीच सुवाच्य अक्षरात लिहीत असे. भट्टीपाशी शेठनी फलकही लावला होता, 'उन्हापासून सावध राहा'. तिथे ऊन कधीच येत नसे.

मे महिन्यात सुलभा नावाची नवी बाई भट्टीवर लागली. दाजी शेठना म्हणाले, "नव्या माणसाक पयले दिवस थोडो थोडो वेळच उभो करूचो. आंगाक सवय जावक होयी."

"ऑर्डर काय सवयीची वाट बघणार आहे?" शेठ म्हणाले.

दुसऱ्याच दुपारी सुलभा काहीबाही बरळली आणि कोसळली. दाजींनी तिला सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, बायकांना पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावला आणि गाडीतून दवाखान्यात पोचवलं. परत येऊन भट्टी बंद केली नि थेट केबिन गाठली.

"शेठ, चला. आकडो बघूक."

विझत्या भट्टीपाशीसुद्धा दहा मिनिटांत शेठचा शर्ट पाठीला चिकटला. पोत्याचा आधार घेत ते कसेबसे म्हणाले, "पाणी!"

"हळू हळू पिया," दाजी प्रेमाने म्हणाले.

त्या आठवड्यात भट्टीवर पंखे आले, माठ आले, अर्ध्या तासाला विश्रांती आली. सुलभा वाचली, पण डॉक्टरांनी आठ दिवस घरी बसवलं. शेठ कुरकुरले, "तिच्या जागी दुसरी बघा."

दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दाजीच उभे! अर्धा तास झाला की स्वतःलाच दटावत, "दाजी, पुरे झाला. सावलेक चल."

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. "दाजी, हे वय आहे का? मुलगे मुंबईत कमावतायत. घरी आराम करा की."

ते पंचा पिळत राहिले. "घराक बसान काय करू रे? बायल गेल्यापासून थंय दिवसभर कोणाचो आवाज नाय. हंय दाजी म्हणान हाक मारूक चार माणसां तरी आसत. त्यातला एक कमी कशाक करू?"

तेवढ्यात सुलभा आली. तिने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेले घावणे काढून त्यांच्या हातात ठेवले.

"दाजी, गरम आसत. खावा."

दाजी ती पुडी दोन्ही हातांत धरून सावलीत जाऊन बसले.