चाळीस टक्के नायट्रोजन

वीज आणि वरिष्ठ अधिकारी, दोघेही वाट दिसेल तिथून निघून जातात. म्हणून त्यांना अडवायला मध्ये काहीतरी निष्क्रिय ठेवावे लागते. विजेच्या बाबतीत हे काम वायू करतो, अधिकाऱ्यांच्या बाबतीत समिती. १९८६ साली नाहूरच्या एका कारखान्यात दोन्हींची उत्तम सोय होती.

कारखाना उच्च दाबाच्या विजेचे ब्रेकर बनवी. त्यांच्या पोटात भरायचा जड वायू परदेशातून येई आणि त्यापायी परकीय चलन जाई. नायट्रोजन मात्र आपल्या हवेतच सापडतो (आमच्याकडच्या हवेत तर इतरही बरेच काही सापडते). तेव्हा महागड्या वायूत नायट्रोजन किती मिसळता येईल हे ठरवायला 'पर्यायी वायुमिश्रण समिती' नेमली गेली. अध्यक्ष, वर्क्स मॅनेजर माणिकराव, यांचा आग्रह नव्वद टक्क्यांचा होता. देशप्रेमाला शंभरही चालले असते.

चाचणी विभागाच्या श्यामसुंदरने मिश्रणे तपासली होती. चाळीस टक्के नायट्रोजनपर्यंत ब्रेकर निमूट बसे. त्यापुढे आत ठिणगी उडे. हे त्याने समितीला बैठकीमागून बैठकीत सांगितले. पण देवाने त्याला आवाज दिला होता शिट्टीसारखा. फोनवर लोक त्याला "ताई, जरा साहेबांना द्या" म्हणत. त्याने तोंड उघडले की समिती चहा मागवी.

एका दुपारी नळीचा जोड निसटला आणि ताज्या जड वायूचा झोत श्यामसुंदरच्या नाकातोंडात गेला. "सहदेव, व्हॉल्व्ह बंद कर," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. आवाज विहिरीच्या तळातून निघाला होता. (जड वायूने आवाज जाड होतो. हा चमत्कार नाही, पदार्थविज्ञान आहे.)

मालवणकडच्या मदतनीस सहदेवने व्हॉल्व्ह बंद केला आणि तो म्हणाला, "साहेबानू, माका वाटला दशावतारातलो राकस बोललो."

पुढच्या बैठकीला श्यामसुंदर फुटबॉलचा ब्लॅडर त्याच वायूने भरून घेऊन गेला. एका ब्लॅडरात साधारण दोन वाक्ये बसतात. समितीला तेवढी पुरतात. पडलेली पेन्सिल शोधायला तो टेबलाखाली वाकला आणि गंभीर होऊन वर आला.

"नायट्रोजन चाळीसच्या वर नको. ठिणगी उडते."

चहा कुणी मागवला नाही. "मी कधीपासून हेच म्हणतोय," माणिकराव म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर श्यामसुंदरचे दिवस पालटले. बढती मिळाली, सोसायटीने सेक्रेटरी केले. चाचणीचे आकडे कुणी मागेनासे झाले, म्हणून तोही ते न्यायचा बंद झाला. फक्त घरी प्रयोग फसला. त्याची बायको कुंदा ऐकून म्हणाली, "घसा बसलाय, हळद-दूध घ्या," आणि तिने दूध गरम करायला ठेवले.

मग मुलुंडच्या उपकेंद्रासाठी पहिले ब्रेकर भरायचे ठरले. त्या बैठकीत श्यामसुंदरने जरा मोठा श्वास घेतला. डोके हलके झाले आणि तोंडातून निघाले, "साठ टक्के नायट्रोजन, चाळीस टक्के वायू." समितीने माना डोलावल्या. खाली बसल्यावर आकडे उलटे झाल्याचे त्याच्या लक्षात आले. ब्लॅडर रिकामा होता.

"चुकलं माझं, उलट सांगितलं मी," तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. चहा आला.

तो एकेकाला गाठून सांगत सुटला. पण इतक्या ठामपणे सांगितलेली गोष्ट चूक कशी असेल, असे सगळ्यांनी त्यालाच समजावले. शेवटी त्याने सहदेवकडून नव्या ठरावाप्रमाणे एक ब्रेकर भरून घेतला, समितीला चाचणीच्या खोलीत संरक्षक जाळीबाहेर उभे केले आणि विजेचा दाब चढवत नेला.

असा काही धडाका झाला की माणिकरावांचा चष्मा नाकावरून खाली आला. इजा कुणालाच झाली नाही. 'उपकरणाने मांडलेला मुद्दा समितीने गांभीर्याने घेतला,' असे इतिवृत्तात नोंदले गेले आणि ठराव सुधारला. श्यामसुंदर भिंतीला टेकून बराच वेळ नुसती साधी हवा घेत राहिला. ब्लॅडर त्याने शेजारच्या मुलांना देऊन टाकला. तेव्हापासून तो समितीशी बोलत नाही. तिला जाळीपाशी उभे करतो.

वाचकहो, समितीला हसणे सोपे आहे. पण चाळीस टक्क्यांचा तो आकडा खरा की खोटा, हे तुम्हीही कुठे पडताळलेत? मजकूर छापील होता, सूर गंभीर होता. मान तुम्हीही डोलावलीत.