दत्तात्रेयांची जांभळी आंघोळ

"या शनिवारी आरोही माझ्याकडे राहणार म्हणजे राहणार," दत्तात्रेय घरतांनी बुधवारी सकाळी जाहीर केलं. ऐकायला घरात फक्त मांजर होतं. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. चार वर्षांपूर्वी बायको, कमळ, गेली तेव्हापासून या घरातल्या सगळ्या घोषणा अशाच बिनविरोध मंजूर होत.

घोषणेमागे अभ्यास होता बरं का. दत्तात्रेय अलिबागच्या कचेरीत तीस वर्षं कारकून होते. कुठलंही प्रकरण अडलं की आधी ते नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं, ही त्यांची पद्धत. नातीचं प्रकरण अडलं होतं टबात. मुलगा निकेत पुण्याहून वर्षातून दोनदा यायचा, दुपारी बापाकडे पोटभर जेवायचा आणि दिवेलागणीच्या आत बायको-मुलीला घेऊन किहीमच्या एका रिसॉर्टवर मुक्कामाला जायचा. रिसॉर्ट घरापासून दहा मिनिटांवर. घर पाच खोल्यांचं आणि त्यातल्या चार खोल्या बंद. "काय करणार बाबा, आरोहीला टब लागतो," निकेत गाडीत बसता बसता सांगायचा. "त्यात ते सुगंधी गोळे टाकून तासभर बसते. तुमच्याकडे टब कुठंय?"

दत्तात्रेय फाटकापाशी उभे राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवायचे. मग आत येऊन उरलेली सोलकढी एकट्याने संपवायचे. आठ वेळा असं झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टब नाही म्हणून नात नाही, एवढंच ना? मग टब करू!

शनिवारी निकेत यायचा होता, म्हणून बुधवारीच ते अलिबागला जाऊन एका चकचकीत दुकानात शिरले. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'प्राप्ती' अशी पाटी होती.

"काका, गिफ्ट द्यायचंय का?"

"आधी स्वतः वापरून बघणार आहे. मग नातीसाठी."

प्राप्तीने हसू दाबलं आणि लाडवाएवढा एक जांभळा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. "बाथ बॉम्ब. टबात टाकायचा. फसफसतो, रंग सुटतो, वास येतो. मग आत बसायचं."

"बसून काय करायचं?"

"काही नाही काका. नुसतं बसायचं."

नुसतं बसण्याचा दत्तात्रेयांना चांगला सराव होता. त्यांनी चार गोळे घेतले, आणि प्राप्तीने आग्रह केला म्हणून अंगावर मारायचे दोन स्प्रेही घेतले. एकावर गुलाब छापला होता, दुसऱ्यावर समुद्राची लाट. समुद्र त्यांच्या घरापासून चारशे पावलांवर होता, पण बाटलीतल्या समुद्राला ना सुक्या बोंबलांचा वास होता ना चिखलाचा. घरी येऊन तो त्यांनी काखेत, मानेवर आणि सदऱ्यावर मारला. गुलाब आरोहीसाठी ठरवलेल्या बंद खोलीसाठी होता. खोली उघडून त्यांनी गादीवर मारला, उशीवर मारला, पडद्यावर मारला, आणि थोडा उरला तो कोपऱ्यातल्या पालीवर मारला. पाल निघून गेली. मांजर जवळ आलं, त्यांचा पाय हुंगून दोनदा शिंकलं आणि कुंपण ओलांडून शेजारच्या मनुबाईंकडे राहायला गेलं. घराची लोकसंख्या एका फवाऱ्यात निम्म्यावर आली.

गुरुवारी सकाळी टबाचं काम हाती घेतलं. विहिरीजवळ सिमेंटची टाकी होती. पंपाने त्यात पाणी चढवायचं, तळाच्या भोकाला लावलेला चिंध्यांचा बोळा काढायचा, की पाणी पाटाने आधी त्यांच्या नारळी-पोफळीला जाई आणि मग कुंपणाखालून मनुबाईंच्या वाडीत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. दत्तात्रेयांनी टाकीतलं शेवाळ काथ्याने खरवडलं, पाणी भरलं आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर आत उतरले. पाणी छातीपर्यंत आलं. आता गोळे किती टाकायचे? वेष्टणावर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा घरात. त्यांनी कारकुनी हिशेब केला. एका टबाला एक, तर तीन टबांच्या टाकीला तीन!

गोळे पाण्यात पडले आणि टाकी चरचरायला लागली. पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं, मग गडद जांभळं, आणि वर चांदीची चमकी तरंगायला लागली. वास असा सुटला की नारळावरचा कावळा उडाला. पण फेस अंगाला गुदगुल्या करत होता, ऊन पोफळीतून गाळून येत होतं, आणि किती दिवसांनी कोणीतरी पाठीवरून हात फिरवतंय असं दत्तात्रेयांना वाटलं. प्राप्तीने सांगितल्याप्रमाणे ते नुसते बसले. नुसतं बसता बसता त्यांचा डोळा लागला. आणि झोपेत पाय लांब करताना टाच बोळ्याला लागली.

जाग आली तेव्हा ते कोरड्या टाकीत बसले होते. छातीपासून खाली अख्खा देह जांभळट आणि चमचमता. कुंपणापलीकडून मनुबाई ओरडत होत्या.

"भावजी, ओ भावजी! बाहेर या लवकर. पाटाला जांभळं पानी आलंय!"

दत्तात्रेयांनी कसाबसा सदरा आणि पंचा चढवला. मनुबाई कुंपणापाशी शेळी धरून उभ्या होत्या. पांढऱ्या शेळीचं तोंड जांभळं झालं होतं आणि ती मोठ्या समाधानाने रवंथ करत होती.

"प्याली हो ही. आता मरतेय का काय?"

"नाही मरणार, वहिनी," दत्तात्रेय म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर होतं. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाने शेजारणीला 'ती माझी आंघोळ आहे' हे सांगायचं कसं? ते शब्द जुळवत राहिले, तेवढ्यात कोंडाजी आले.

कोंडाजी म्हणजे गावातलं आंदोलनाचं माणूस. खाडीपलीकडे कारखाने आल्यापासून त्यांनी तीन मोर्चे काढले होते आणि चौथ्याला निमित्त मिळत नव्हतं. त्यांनी पाटात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"कंपनीचं पानी हाय," ते म्हणाले. "वास गोड हाय म्हंजे केमिकल जालीम हाय. जमिनीखालनं विहिरीत उतरलंय."

अर्ध्या तासात अख्खी आळी दत्तात्रेयांच्या अंगणात. धनेश नावाचा एक जण मोबाइलवर गावच्या बातम्या देई. त्याने शेळीची मुलाखत घ्यायला सुरुवात केली. ग्रामसेवक वही घेऊन आले. आणि मनुबाईंचं लक्ष दत्तात्रेयांच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीकडे गेलं.

"अगं बाई, भावजींच्या अंगावर पन चट्टा उठलाय! चमकतोय बघा!"

झालं! दत्तात्रेय पहिले बाधित ठरले. त्यांना खुर्चीवर बसवलं. कोणी ताक आणलं, कोणी पंख्याने वारा घातला, कोणी शहाळं फोडलं. ज्या आळीतून चार वर्षं माणसं फक्त "बरं हाय ना?" विचारून न थांबता पुढे जात होती, ती आता त्यांच्या उत्तरासाठी उभी होती. दत्तात्रेयांना खरं सांगायचं होतं, अगदी मनापासून सांगायचं होतं. पण अंगणात सत्तावीस माणसं होती. त्यांनी मोजली होती. कमळच्या तेराव्यानंतर एवढी माणसं आली नव्हती.

कोंडाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दत्ता, छातीत जळजळतंय काय?"

दत्तात्रेय खोटं बोलणारे नव्हते. "थोडं जळजळतंय," ते म्हणाले.

"लिवा ग्रामसेवक, जळजळ."

"चक्कर?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"आता येईल असं वाटतंय."

तेही लिहिलं गेलं. पंचनामा पूर्ण होत आला. विहिरीचं पाणी तपासणीला पाठवायचं आणि अहवाल येईपर्यंत विहीर बंद. आठ दिवस तरी. सोमवारी मोर्चा, पुढे खुर्चीत दत्तात्रेय. "फक्त सही करा," ग्रामसेवक म्हणाले. दत्तात्रेयांनी पेन हातात घेतलं आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. निकेत होता.

"बाबा, धनेशचा व्हिडिओ बघितला. तुम्ही ठीक आहात ना? आधी डॉक्टरकडे जा. आणि शनिवारचं मी रद्द करतोय. त्या पाण्यात मी आरोहीला नाही आणणार."

फोन बंद झाला. दत्तात्रेयांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. सही केली तर ही सगळी सोमवारपर्यंत येत राहणार होती. आरोही मात्र येणार नव्हती. कचेरीत त्यांनी आयुष्यभर इतरांच्या खोट्या जबान्या फाइलीला लावल्या होत्या, पण स्वतःची आजवर एकही नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वहिनी, एक बादली पाणी द्या."

ते आत गेले आणि कपाटातून उरलेला चौथा गोळा घेऊन आले. काही न बोलता त्यांनी तो बादलीत सोडला. बादली चरचरली. दोघे-तिघे कुंपणापर्यंत मागे सरले. पाणी गुलाबी झालं, मग जांभळं झालं, आणि तोच वास सगळ्या अंगणात पसरला.

"नातीला टबात आंघोळ आवडते," दत्तात्रेय खाली बघत म्हणाले. "टब नाही म्हणून ती राहत नाही. म्हणून टाकीत बसून बघितलं. बोळा निघाला. कंपनी-बिंपनी काही नाही. मीच होतो."

मनुबाईंनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा दत्तात्रेयांकडे आणि मग शेळीकडे.

"म्हंजे भावजी, तुमी न्हालेलं पानी प्याली ही?"

"साबण लावला नव्हता, वहिनी."

कोंडाजींचा चेहरा पडला. चौथा मोर्चा हातातोंडाशी येऊन गेला होता. "जळजळ खोडा," ते ग्रामसेवकांना म्हणाले आणि चपला शोधायला लागले. मागे कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. हसत हसत दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. धनेशने निघता निघता बादलीचं चित्रण केलं. वाऱ्याचा पंखाही ज्याचा तो घेऊन गेला. दत्तात्रेयांनी ताकाचे पेले गोळा केले, विसळले, पालथे घातले आणि ओटीवर बसले. इतकं रिकामं हे घर कालही नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. या वेळी आरोही होती, वय वर्षं दहा, आणि हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

"आजोबा, बादलीचा व्हिडिओ बघितला! पण तुम्हाला कोणी सांगितलं मला टब आवडतो?"

"तुझे बाबा म्हणाले."

"काहीतरीच. माझ्या नाकात पाणी जातं. टबात बाबाच बसतात, मोबाइल घेऊन. मी दर वेळी म्हणते आजोबांकडे राहू. पण ते म्हणतात तिथे त्यांना झोप लागत नाही. आजी नाही ना आता तिथे, म्हणून."

"आरोही, फोन दे इकडे," मागून निकेतचा आवाज आला. पण पोरीने फोन सोडला नाही.

चार वर्षं टबाच्या नावाखाली मुलाने फसवलं म्हणून राग यायला हवा होता, आणि त्यांनी थोडी वाटही पाहिली. राग काही आला नाही.

"बरोबर आहे बाबांचं," ते म्हणाले. "मलाही लागत नाही."

पलीकडे फोन स्पीकरवर होता. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. फोन निकेतकडे गेला होता.

"बाबा, शनिवारी येतो. राहायलाच येतो."

"ये."

"पण तुम्ही आंघोळ न्हाणीघरातच करत जा हो."

दत्तात्रेय बरं म्हणाले. तसाही दुसरा मार्ग उरला नव्हता. मनुबाईंनी तिन्हीसांजेलाच येऊन टाकीवर पत्रा टाकला होता आणि वर चार दगड ठेवून गेल्या होत्या.