आबांना दिसलेला लाल सिग्नल

एका जंगलात धुकं फार पडायचं, आणि त्याच जंगलात एक आगगाडीही होती. आता जंगलात आगगाडी कशी, असं विचारू नका, मुलांनो. माझ्या गोष्टीत आहे म्हणजे आहे.

ही गाडी करवंदीच्या माळावरून सुटायची. वारुळांच्या वळणावरून जायची. मग एक सिग्नल यायचा. सिग्नलनंतर नदीवरचा पूल. पुलाच्या कमानींना मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असायची. पूल ओलांडला की वाघमहाराजांच्या गुहेजवळचं स्टेशन.

गाडी चालवायचे आबा अस्वल. मोठा मनुष्य. म्हणजे मोठं अस्वल. साऱ्या जंगलात त्यांना मान होता, आणि त्यांच्या नाकाला त्यांच्याहून थोडा जास्त. कितीही धुकं असो, आबा नुसत्या वासावर गाडी न्यायचे. वाळवीचा वास आला की वारुळांचं वळण. मधाचा वास आला की पूल. आबांना समोरचं कधी फारसं दिसलं नाही आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

आबांच्या शेजारी उभा असायचा त्यांचा मदतनीस, मुकुंद भेकर.

भेकर तुम्ही पाहिलंय का? नसेल पाहिलं. हरणाच्या जातीतला लहानसा प्राणी. पण धोका दिसला की असा भुंकतो की अख्खं रान सावध होतं. रेल्वेनं मुकुंदला घेतलं ते याच गुणासाठी. आणि नोकरीला लागल्यावर मुकुंदनं पहिली गोष्ट कोणती केली? भुंकणं सोडलं. साहेबाच्या शेजारी उभं राहून कोण भुंकतं?

मुकुंद अजून कच्चा होता. रोज यायचं, रोज राबायचं, आणि उद्या यायचं की नाही हे आबांनी ठरवायचं. आबांनी एक शब्द टाकला की तो कायम होणार होता. आणि कायम झाला की त्याचं लग्न होणार होतं, पलीकडच्या टेकडीवरच्या कस्तुरीशी. कस्तुरीचे वडील, दादासाहेब, साफ म्हणाले होते, "पोरगा गुणी आहे, दिसायला बरा आहे. पण कच्च्या नोकरीत मी मुलगी द्यायचा नाही."

मुकुंदचा कस्तुरीवर फार जीव होता. तिच्या आठवणीनं त्याला कोवळं गवतसुद्धा घशाखाली उतरत नसे. हसू नका. तुमचंही होईल तेव्हा कळेल.

आता गाडीतला एक नियम सांगतो, तेवढा नीट ऐका. सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा, आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच रंग पुन्हा पुकारायचा. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं सावरावं, म्हणून हा नियम. चांगला नियम होता. फक्त त्यातलं "स्वतःच्या डोळ्यांनी बघून" एवढं हळूहळू गळून पडलं होतं. आबा म्हणायचे, "हिरवा." मुकुंद म्हणायचा, "हिरवा." वडीलधाऱ्यांनी हिरवा म्हटल्यावर आपण मान वर करून खात्री करायची, हे बरं दिसत नाही.

धुक्यासाठी वेगळी सोयही होती. रुळांमधल्या खडीवर चुन्याचे पट्टे मारले होते, म्हणजे सिग्नल जवळ आल्याचं कळावं. पांढऱ्या धुक्यात पांढरे पट्टे. ही कल्पना कचेरीतल्या एका बगळ्याची होती असं म्हणतात. दुसरी सोय होती सोमा साळिंदराची. धुकं पडलं की सोमा सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे जायचा आणि रुळावर चपटे फटाके बांधून ठेवायचा. चाक वरून गेलं की फाट! ड्रायव्हरनं समजायचं, सिग्नल पुढे आहे, गाडी हळू घ्या, डोळे उघडे ठेवा.

एका सकाळी असं धुकं पडलं की आबांना स्वतःचं पोट दिसेना. त्या दिवशी वाघमहाराजांचा वाढदिवस होता. गाडी सशांनी, तितरांनी, मोरांनी गच्च भरलेली. सगळे महाराजांना शुभेच्छा द्यायला निघाले होते. न देऊन सांगतात कोणाला? तिसऱ्या डब्यात कस्तुरी बसली होती आणि तिच्याबरोबर दादासाहेब. नोकरीचं काय झालं, हे ते आज आबांनाच विचारणार होते.

आणि आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी आबांना ठाऊक नव्हती. या गाडीच्या आधी एक मालगाडी गेली होती, महाराजांच्या मेजवानीचा मध घेऊन. ती स्टेशनात पोचलीच नव्हती. तिचं इंजिन पुलावर बिघडलं होतं आणि ती तिथंच उभी होती. तिचा शेवटचा डबा सिग्नलच्या थोडासाच पुढे होता.

गाडी सुटली. आबांनी नाक वर केलं.

"वाळवी," आबा म्हणाले. "वळण आलं."

"वळण आलं," मुकुंद म्हणाला.

आणि खरंच वळण आलं. आबांचं नाक म्हणजे नाक.

थोडं पुढे गेल्यावर आबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मध! घमघमाट सुटलाय बघ. पूल आला. म्हणजे सिग्नल मागे गेला." आणि नियम पाळायला हवा म्हणून त्यांनी पुकारलं, "हिरवा!"

"हिरवा!" मुकुंद म्हणाला.

आबांनी निःश्वास सोडला. "बरं झालं बाबा, तू बघितलास. मला काही दिसला नाही."

मुकुंदचे चारही खूर गार पडले. "आबा, मी कुठं बघितला? तुम्ही म्हणालात म्हणून मी म्हणालो."

"अरे, आणि तू म्हणालास म्हणून मी निर्धास्त झालो!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गाडी धावत होती.

"मग बघितला कोणी?" मुकुंदनं विचारलं.

आबांनी विचार केला. "बघितला असणारच कोणीतरी. नाहीतर आपण दोघंही हिरवाच कसं म्हणालो?"

तेवढ्यात चाकाखाली आवाज झाला. फाट! पाठोपाठ आणखी एक. फाट!

"वाढदिवसाचे बार," आबा खूश होऊन म्हणाले.

"नाही आबा. हे सोमाचे फटाके. ते सिग्नलच्या अलीकडे असतात. म्हणजे सिग्नल अजून यायचाय. आणि पुलावर चाकं पोकळ वाजतात, ती तशी वाजतही नाहीयेत."

आबांचे केस उभे राहिले. "म्हणजे माझं नाक खोटं बोलतंय?"

मुलांनो, त्या जंगलात आजवर कोणी आबांच्या नाकाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता "हो" म्हटलं तर नोकरी गेली, नोकरीबरोबर कस्तुरी गेली. आणि "नाही" म्हटलं तर तीच कस्तुरी तिसऱ्या डब्यात होती. मुकुंदला रडू येईल असं वाटलं. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं खिडकीतून मान लांब बाहेर काढली आणि डोळे ताणून बघू लागला.

पांढरं. सगळं पांढरं. मग त्या पांढऱ्यात एक तांबूस ठिपका. मग तो ठिपका मोठा झाला.

आणि मुकुंदच्या घशातून, त्याची परवानगी न घेता, त्याचा जुना आवाज फुटला.

"लाल! लाल! लाल!"

आबांच्या आधी कोणी रंग पुकारायची ही पहिलीच वेळ. आबा इतके दचकले की त्यांना नियम तेवढा आठवला. समोरच्यानं म्हटलं की आपण म्हणायचं. "लाल!" असं ओरडून त्यांनी सगळं वजन ब्रेकवर टाकलं. आणि आबांचं वजन म्हणजे काही थोडंथोडकं नव्हतं. गाडी किंचाळली, घसरत गेली, डब्यातले ससे एकमेकांच्या अंगावर पडत बाकाखाली गेले, आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्याला नाक लागायच्या बेतात गाडी थांबली.

आबा खाली उतरले. समोरच्या डब्याच्या फटीतून मध ठिबकत होता. त्यांनी बोटावर घेतला, चाखला आणि रुळावर मटकन बसले.

"माझं नाक बरोबर होतं रे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"होतं, आबा," मुकुंद म्हणाला. "मध जागा सोडून आला होता."

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चौकशीला घुबड नेमलं होतं. दिवसाउजेडी त्याला काही दिसत नसे, त्यामुळे ते कोणाचीही बाजू घेणार नाही अशी सर्वांची खात्री होती. महाराज स्वतः हजर होते. प्रवासी जमले होते. दादासाहेब आणि कस्तुरी पुढेच बसले होते.

"एवढ्या धुक्यात लाल सिग्नल बघितला कोणी?" घुबडानं विचारलं.

आबांनी घसा खाकरला. पण महाराजांनी आधीच तोंड उघडलं. "आबांशिवाय कोण बघणार?"

"आबांशिवाय कोण बघणार!" प्रधान कोल्हा म्हणाला.

"आबांशिवाय कोण बघणार!" सगळे ससे म्हणाले. खरं तर ते त्या वेळी बाकाखाली होते.

"महाराज, खरं सांगायचं तर..." आबा चाचरत म्हणाले.

"नम्रपणा बघा!" महाराज म्हणाले.

"नम्रपणा बघा!" सगळे म्हणाले.

मग घुबड मुकुंदकडे वळलं. म्हणजे मुकुंद जिथं असेल असं त्याला वाटलं तिकडे वळलं. "तू सांग. लाल कोणी बघितला?"

मुकुंदनं मान वर केली. "मी" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. एवढासा तर शब्द. पण समोर महाराज मिशा चाटत होते. आबा जमिनीकडे बघत होते. दादासाहेब मान पुढे काढून ऐकत होते.

"आबांनी," मुकुंद म्हणाला.

"शाबास!" महाराज म्हणाले. "हा मुलगा भरवशाचा आहे. आजपासून कायम!"

टाळ्या पडल्या. दादासाहेब उठून मुकुंदच्या गळ्यात पडले. मुकुंदला आनंद झाला, खरंच झाला. फक्त गर्दीत मागे उभ्या असलेल्या सोमा साळिंदराकडे त्याला बघवेना.

महाराज अजून बोलत होते. "आबांना धुक्यात दिसतं, हे आता सिद्ध झालं. मग फटाके कशाला? एकाला दिसतं तर सगळ्यांना दिसलं पाहिजे. आबा आता गाडी चालवणार नाहीत. ते शिकवतील. गाडी मुकुंद चालवेल. आणि तो साळिंदर उद्यापासून आमच्या मिरवणुकीत फटाके उडवेल."

आणि तसंच झालं. आबांनी धुक्यात कसं पाहावं याचे वर्ग सुरू केले. वर्ग भर उन्हाळ्यात असत, त्यामुळे सगळे विद्यार्थी पास झाले. मुकुंदचं लग्न झालं. आबा मधाचं मडकं घेऊन आले, मुकुंदला पोटाशी धरलं आणि जेवायला न थांबता निघून गेले.

लग्नानंतर एकदा कस्तुरी म्हणाली, "त्या दिवशी लाल कोण ओरडलं, ते मला कळलं होतं. अस्वलं तशी भुंकत नाहीत."

"मग चौकशीत बोलली का नाहीस?"

"बाबा तुमच्या कायम होण्याची वाट बघत होते ना," कस्तुरी म्हणाली, आणि तिनं त्याच्या पुढ्यात कोवळं गवत सरकवलं.

मग हिवाळा आला आणि धुकं पडलं. मुकुंद इंजिनात चढला. त्यानं कान टवकारले. फटाके नव्हते. डोळे ताणले. काही दिसेना. दिसत नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आबांना दिसलं होतं आणि तसं त्यानंच सांगितलं होतं. आणि डोळे मिटून गाडी हाकायची, तर मागच्या डब्यांत सगळ्यांची लेकरं बसलेली.

त्यानं बराच विचार केला. मग इंजिन आपल्या मदतनिसाच्या हाती दिलं, एक कंदील घेतला आणि खाली उतरून रुळांमधून चालू लागला. थोडं चालायचं, पुढे बघायचं, मागे वळून भुंकायचं. मग त्याच्या मागून गाडी थोडी सरकायची.

तेव्हापासून त्या जंगलात धुक्याच्या दिवसांत गाडी अशीच येते. पुढे कंदील घेतलेलं भेकर आणि मागे आगगाडी. कासवं तिच्या पुढे निघून जातात. स्टेशनावरचा पोपट मात्र दर थोड्या वेळानं सांगत असतो, "गाडी वेळेवर धावत आहे." आणि फलाटावरचे सगळे प्रवासी माना हलवून म्हणतात, "वेळेवर धावत आहे."

मुकुंदचे खूर आता झिजले आहेत. पण नोकरी सोडता येत नाही. तो कायम आहे.

तात्पर्य: मुलांनो, खरं बोलून हाती काय लागतं? घटकाभराची पंचाईत. त्यापेक्षा मोक्याच्या वेळी एकदाच, पण नीट खोटं बोलावं. जन्मभराचं काम मिळतं.