पालथं घमेलं

आमच्या दोन घरांच्या मधल्या अंगणात एक लोखंडी घमेलं पालथं घातलेलं आहे. घमेलं माझं. हक्क मात्र शेजारच्या सीनूमामांचा. माझ्या गवंड्याकडून ते मागून नेलं, परत दिलं नाही, वर त्याच्यावर दगड ठेवला. कुणाचा पाय लागला तर म्हणत, "सांभाळून रे, तिथं चंद्र आहे."

सीनूमामा शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. दूधवाल्याला अडवून सांगत, की चंद्रावरचा डाग म्हणजे ससा नव्हे, गोठलेला लाव्हा. पृथ्वीवर एक मोठा गोळा आदळला, तुकडे उडाले, त्यांचा चंद्र झाला. "अजून दरवर्षी थोडा लांब जातोय. पण तोंड इकडंच ठेवतो, अल्वा? हो ना?" सुभद्रामामी आतून ओरडत, "अहो, त्याला आधी दूध तरी ओतू द्या!"

मामी गेल्यावर दूधवाला सुटला. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा मामांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला, पण बोलले काहीच नाहीत.

मी फरशीवाला. पिरियापट्टणला तंबाखूचे गठ्ठे उचलत वर आलो. फुकट कुणाला काही देत नाही. तरी मुलीच्या लग्नासाठी म्हटलं, मामा, तुमच्याही अर्ध्या अंगणात ग्रॅनाइट घालतो, पैसे नकोत. त्यांनी नकारार्थी मान हलवली. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, म्हणून तिथं माणसांच्या पावलांचे ठसे अजून तसेच आहेत, म्हणाले. याचा फरशीशी काय संबंध, विचारलं तर घरात निघून गेले.

लग्न तोंडावर आलं. गवंडी नुसते बसून. माझं डोकं फिरलं. मामांच्या देखत दगड भिरकावला आणि घमेलं उचललं.

खाली सिमेंटवर एक पांढुरका डाग होता. शेजारी मुंग्यांनी उकरलेली बारीक माती. बाकी काही नाही.

मामा पायरीवर बसले. मग हळूहळू सांगू लागले. मामींनी शेवटच्या सणाला गौरीची पावलं काढली होती, पिठात बुडवलेली मूठ टेकवून, वर बोटांचे ठिपके देऊन. त्यातलं दाराजवळचं एक त्यांनी झाकून ठेवलं होतं. उघडून कधीच पाहिलं नव्हतं.

"पीठ कशाला वापरलं?" मी चिडूनच विचारलं. "दगडाची रांगोळी टिकली असती."

"मीही तेच म्हटलं तिला. म्हणाली, सुम्मने, उगीच दगड कशाला सांडायचा? पीठ असलं तर मुंग्यांच्या पोटात जाईल." ते डागाकडे बघत राहिले. "गेलं की, अल्वा."

मग पायरीवरून उठत म्हणाले, "घाल आता फरशी."

मी घमेलं होतं तिथंच पालथं घातलं. गवंड्यांना घरी पाठवलं. लग्नात व्याही त्याला वळसा घालून पंगतीला गेले आणि फरशीवाल्याच्या अंगणाला फरशी नाही म्हणून हसले.

घमेलं मला अजून परत मिळालेलं नाही.